जाळलेल्या पुठ्ठ्यांवरची नावं

भूकंपानंतरच्या उन्हाळ्यातला एक रविवार, सकाळचे साडेनऊ. जागा: मामूंचं तसबिरींचं दुकान, लातूर. हजर: अब्बा, आदल्या संध्याकाळच्या एसटीनं नांदेडहून आलेले. युसूफमामू, दुकानाचे मालक. हैदराबादहून आलेले एक प्राध्यापक, सोबत कातडी बॅग. शेवंताबाई, औशाकडच्या एका पडलेल्या गावच्या, मुक्काम पत्र्याचं शेड. मी, नसरीन, वय सतरा. टेबलावर कापडाखाली तीन चित्रं. त्याच वेळी दोन गल्ल्या पलीकडे आमच्या क्लासची रविवारची टेस्ट चालू होती आणि तिथल्या हजेरीत माझ्या नावापुढे लाल शाईनं ‘गैरहजर’ लिहिलं गेलं. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. त्यातली एकही मला खोडायची नाही.

लोक विचारतात, नांदेडच्या काचवाल्याच्या मुलीला चारशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या संतांची चित्रं जमवायचा नाद कुठून लागला? तांब्याच्या पत्र्यावर सुईसारख्या हत्यारानं कोरायचं, खाचांत शाई भरायची, ओल्या कागदावर दाबून छापायचं. अशी छापलेली एकतीस चित्रं आज माझ्याकडे आहेत. प्रत्येकाची वेगळी फाइल आहे. फाइलमध्ये चित्राविषयी एक पान असतं आणि ते चित्र कुणाकुणाच्या हातातून गेलं याविषयी बाकीची सगळी. दुसरे संग्राहक म्हणतात, मी उलटं काम करते. करते. त्याचं कारण या प्रकरणात आहे.

आमचं घर नांदेडात दुकानाच्या मागेच होतं, मधे एक गोणपाटाचा पडदा. लहानपणी मला जाग यायची ती काच कापण्याच्या आवाजानं. हिऱ्याची कलम काचेवरून फिरताना बारीक किर्र व्हायची, मग अब्बा काच टेबलाच्या कडेवर ठेवून दाबायचे आणि टक् असा एक स्वच्छ आवाज यायचा. तो आवाज फाटका आला, की अम्मी चुलीपाशीच म्हणायची, “गई.” तिच्या खट्ट्या दाळीचा आणि ज्वारीच्या भाकरीचा वास, सुताराच्या सरसाचा वास आणि पुठ्ठा चिकटवायच्या खळीचा आंबूस वास, हे तिन्ही माझ्यासाठी एकच आहेत. अब्बांनी गणपती, लक्ष्मी, गुरू महाराज, मक्का-मदिना, लग्नाचे जोडपे, वारलेले आजोबा, निरोप समारंभाची मानपत्रं, सगळं चौकटीत बसवलं. घरात मात्र भिंतीवर एकही तसबीर नव्हती. “दुसऱ्याचं सांभाळायचं काम आपलं,” म्हणायचे, “आपली भिंत रिकामी राहिली तर कुणाचं काय आपल्याकडे राहिलंय ते दिसतं.” (घरात आम्ही दखनी बोलायचो, इथं मराठीत लिहिते आहे, कारण अब्बांनी मला हट्टानं मराठी शाळेत घातलं.) त्यांची एक सवय होती. तसबिरीच्या पाठीला जो पुठ्ठा लागतो, त्याच्या आतल्या बाजूला ते पेन्सिलीनं दोन ओळी लिहायचे आणि मगच चुका ठोकायचे. लिहायचे उर्दूत. मला उर्दू बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. त्या ओळी म्हणजे लांबी-रुंदीची मापं, असं मी सतरा वर्षं धरून चालले होते. कधी विचारलं नाही. याद्या करणाऱ्या माणसाला वाटतं की आपण सगळं विचारलेलं आहे.

दहावीला गुण बरे पडले आणि मला लातूरला पाठवलं. त्या काळी नांदेडातला जो तो बाप पोराला लातूरला पाठवत होता. गल्लीगल्लीत क्लास, घराघरात खोल्या भाड्यानं, डब्यांच्या सायकली. आमच्या क्लासमध्ये मागच्या टेस्टच्या गुणांप्रमाणे बसवायचे. पहिला नंबर पहिल्या बाकावर, आणि नंबर घसरला की दप्तर उचलून सगळ्यांदेखत मागं. मी तिसऱ्या बाकाच्या मागं कधी गेले नव्हते. राहायला मामूंचं घर होतं, खाली दुकान, वर दोन खोल्या. मुमानी, म्हणजे मामी, पहाटेच बंब पेटवायची आणि माझ्या केसांना तेल लावताना म्हणायची, “डागदरीण झालीस की माझे गुडघे आधी बघ गं.”

भूकंपाच्या पहाटेविषयी मी लिहिणार नाही. लातूर शहरात आम्ही रस्त्यावर उभे राहिलो आणि पुन्हा घरात गेलो, एवढंच आमच्या वाट्याला आलं. ज्यांचं गेलं त्यांनी लिहावं. आमच्या दारात भूकंप आला तो दिवाळीनंतर, एका पोत्यातून. मदतीला आलेली बाहेरगावची मुलं ढिगारा उपसत होती. त्यांनी मातीतून निघालेल्या बेवारस तसबिरी एका पोत्यात भरल्या होत्या. काही तसबिरींच्या पाठीवर मामूंच्या दुकानाची छापील चिठ्ठी होती. माझे नाना, अम्मीचे वडील, हयात असताना अब्बा लग्नाआधी याच दुकानात काम शिकले आणि कितीतरी वर्षं औशाच्या बाजारात जाऊन तसबिरी करत होते. त्या चिठ्ठीवरून पोतं आमच्याकडे आलं. मुलं म्हणाली, पाठीमागं काहीतरी लिहिलंय, आम्हाला लागत नाही, तुम्ही बघा. मामूंनी नांदेडला निरोप धाडला. अब्बा आठ दिवसांनी येणार होते.

आठ दिवस मी ते पोतं तसंच राहू देईन हे शक्यच नव्हतं. क्लासला दोन दिवस सुट्टी होती. मी सगळ्या तसबिरी अंगणात मांडल्या, मोजल्या, तेवीस भरल्या. काचा फुटलेल्या, चौकटी निखळलेल्या, पुठ्ठे चिखलानं भिजून फुगलेले, त्यांत वाळवी. मी एकेक चित्र नाजूक हातानं सोडवलं, ब्रशनं माती झाडली, नवीन पुठ्ठ्यावर ठेवलं, कोपऱ्यात क्रमांक लिहिला आणि वहीत वर्णन उतरवलं: क्र. सहा, फेटेवाला गृहस्थ, खुर्चीत. क्र. अकरा, दोन मुली, एकीच्या हातात बाहुली. सुंदर यादी झाली होती. आजही ती वही काढली की अक्षराचा अभिमान वाटतो, आणि लगेच मी ती मिटते. कारण जुने, कुजके, वाळवीचे पुठ्ठे, त्यांवर नुसती मापं आहेत असं धरून, मी उन्हात वाळवले आणि दोन दिवस सकाळी मुमानीच्या बंबात घातले. छान जळले. त्या पाण्यानं मी आंघोळ केली.

अब्बा आले, त्यांनी वही पाहिली. पानं उलटली. म्हणाले, “आणि नावं?”

“कसली नावं?”

“पुठ्ठ्यावरची.”

मी सांगितलं. मुमानी दारात उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. अब्बा ओरडतील अशी मी वाट पाहिली. ते खाली बसले आणि त्यांनी क्र. सहाचा फेटेवाला उचलून त्याच्या पाठीचा कोरा पुठ्ठा पाहिला. मग म्हणाले, “दुकानाची दुसरी वही नाही बेटा. गिऱ्हाईकाचं नाव, गाव, ते त्याच्याच तसबिरीत ठेवायचं. वही हरवते, माणूस मरतो, तसबीर कुठंही गेली तरी नाव तिच्याबरोबर जातं. तुझ्या नानांनी शिकवलं होतं.” मामू मधे पडले, “जाऊ द्या भाईसाब, पोरीनं मेहनत तर केली.” अब्बा म्हणाले, “मेहनत हिनं केली, म्हणून नावंही हीच आणेल.” आणि उठून चहा मागितला. त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य लागलं, हे त्या चहाच्या कपाला माहीत नव्हतं.

मी नावं आणायला सुरुवात केली. माझी पद्धत साधी होती. मोठ्या कागदावर तेवीस वर्णनं लिहिली आणि त्याच्या प्रती करून औशाच्या एसटी स्टँडवर, शेडांच्या वसाहतीतल्या रेशन दुकानावर, शाळांच्या भिंतींवर चिकटवल्या. प्रत्येक चित्रातली एक खूण मात्र मुद्दाम लिहिली नाही. जो येईल त्यानं ती सांगायची. लोक येऊ लागले. फेटेवाल्याची सून आली आणि म्हणाली, खुर्चीचा एक हात तुटलेला हाय, फोटोग्राफरनं त्यावर शाल टाकली होती. खरं होतं. बाहुलीवाल्या मुलींपैकी एक स्वतःच आली. दर वेळी अब्बांनी शिकवलेल्या पद्धतीनं मी नव्या पुठ्ठ्यावर आतून नाव-गाव लिहायची, मराठीत, आणि मामू चुका ठोकायचे. उन्हाळा लागेपर्यंत वीस तसबिरी गेल्या. तीन राहिल्या.

या तीन विचित्र होत्या. फोटो नव्हेत, बाजारातली देवादिकांची छापील चित्रंही नव्हेत. काळ्या बारीक रेघांनीच सगळं काढलेलं. रेघ इतकी दाट की ढग, लोकर, पाणी, सगळं रेघेतूनच उठायचं. एकात आडदांड माणूस झाडाची काठी टेकत नदीतून चाललाय आणि खांद्यावर लहान मूल. दुसऱ्यात दाढीवाला म्हातारा पोथी वाचतोय आणि पायाशी सिंह मांजरासारखा निजलाय. तिसऱ्यात लांब केसांची एक बाई, हातात झावळी, पाठीमागे उंच बुरूज. तिघांच्या पाठीवर एकच गोल काळा शिक्का, तपकिरी शाईतल्या परक्या लिपीतल्या ओळी, आणि एक जांभळा उर्दू ठसा. तो अब्बांनी वाचला. हैदराबादच्या एका जुन्या पुस्तकवाल्याचा होता. “बाजारात कुणी देव म्हणून विकली असतील,” अब्बा म्हणाले, “चौकट माझीच आहे. हात ओळखतो, माणूस आठवत नाही.”

ते प्राध्यापक मदतपथकाबरोबर फिरत होते आणि चौकट दुरुस्तीला म्हणून दुकानात शिरले. तीन चित्रं पाहून ते खुर्चीत बसले नाहीत, खाली जमिनीवरच बसले आणि भिंगानं बघू लागले. नदीतला सेंट क्रिस्तोफर, सिंहाचा सेंट जेरोम, बुरुजाची सेंट बार्बरा. युरोपातली, चारशे वर्षांपूर्वीची. असली तीन एका ठिकाणी, आणि तीही लातूरच्या गल्लीत, यावर त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, रविवारी येऊन घेऊन जातो, संग्रहालयात ठेवतो, हे तेलाचे आणि कुंकवाचे डाग धुऊन निघतील. मामूंनी मान हलवली. कुणी न्यायला येत नव्हतं, म्हणजे नाकारायला काही कारणही नव्हतं. त्याच आठवड्यात गुरुवारी औशाहून एक पोस्टकार्ड आलं. शाळेतल्या मुलाचं अक्षर, खाली आईचं नाव शेवंताबाई. “नदीतल्या माणसाची तसबीर आमची हाय. आई रविवारी येती.”

शनिवारी मी क्लासच्या सरांकडे सुट्टी मागितली.

“कुणी आजारी आहे?”

“नाही सर. एका बाईंची तसबीर द्यायची आहे.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खडू ठेवला. “नसरीन, भूकंप झाला म्हणून बोर्डानं बारावीची परीक्षा रद्द केली का? तसबीर तुझे मामा देतील. तू उद्या नाही आलीस तर सोमवारी शेवटचा बाक. आणि शेवटच्या बाकावरून कुणी मेडिकलला गेलेलं मी पाहिलेलं नाही.”

“मामूंना खूण माहीत नाही सर. खूण फक्त मला माहीत आहे.”

“मग सांग त्यांना.”

हे खरंच सोपं होतं. मामूंना सांगता आलं असतं. पण नावं मी जाळली होती, मामूंनी नव्हे. मी म्हटलं, “मी येणार नाही सर,” आणि खाली बसले. माझ्या शेजारची पोरगी कुजबुजली, “येडी हायस का?” हाय, म्हटलं.

तर तो रविवार. शेवंताबाई येऊन बाकड्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या. चाळिशीच्या असतील, पण पायातल्या चपला पुरुषाच्या होत्या, मदतीत आलेल्या. अब्बांकडे बघून म्हणाल्या, “काचवाले भाई, वळखलं का? औशाच्या बाजारात तुमीच करून दिल्ती. सासूबाई संगं व्हत्या.” अब्बांनी हात जोडले. मी कापड काढू दिलं नाही. म्हटलं, “मावशी, आधी सांगा. मग बघा.”

“काय सांगू? नदी हाय. बाप्या हाय, गुडघ्याएवढ्या पान्यात. खांद्यावर लेकरू. वसुदेव किसनाला घिऊन चाललाय.”

प्राध्यापक हसून म्हणाले, “बाई, तो वसुदेव नाही. तो परदेशातला संत आहे. क्रिस्तोफर.”

“असंल. तुमच्याकडं काय म्हन्तेत मला ठाव न्हाई. आमच्याकडं तीन बाळंतपनं त्यानं बघितली.”

“एवढं तर कागदावर लिहिलेलंच होतं,” प्राध्यापक मला म्हणाले. “हे कुणीही सांगेल.”

“मावशी, कुंकू कुठं लावलंय?”

“पान्याला.”

“म्हणजे मी धुणार म्हणालो ते डाग?” प्राध्यापकांनी मला विचारलं. शेवंताबाई आपल्याच तळहातावर बोट टेकवून दाखवू लागल्या. “सासूबाई देवाच्या कपाळाला न्हाई लावू द्यायच्या. म्हनायच्या, कळा सुरू झाल्या की पान्याला बोट लाव, पानी उतरलं की लेकरू सुखानं येतं. तीन येळा लावलं, काच बसवायच्या आदी. तीन टिकल्या हायत, बाप्याच्या पायापाशी. एक वाईच फाकलीया. ती थोरल्याची. लई तरास झाल्ता, बोट घसरलं.” मग त्यांनी तळहात मिटला. “धाकटा औशाला मामाकडं शाळेला व्हता. त्यो राह्यला. पोस्टाचं कारट त्यानंच लिव्हलं.”

थोरल्याचं आणि मधल्याचं कुणी विचारलं नाही. मी कापड काढलं. नदीच्या पाण्यात तीन टिकल्या होत्या. एक फाकलेली. त्यांनी चित्राला हात लावला नाही, नुसतं बघितलं आणि विचारलं, “ते साहेब हे पुसनार म्हनत व्हते का?”

मामूंचा चेहरा पडला. प्राध्यापकांचाही. पण ते वाईट गृहस्थ नव्हते, आणि भित्रेही नव्हते. त्यांनी मुद्दा सोडला नाही. म्हणाले, “डाग नाही काढणार, शब्द देतो. पण बाई, पत्र्याच्या शेडमध्ये दोन पावसाळ्यांत हा कागद संपेल. संग्रहालयात आणखी चारशे वर्षं राहील. जगात अशा किती प्रती उरल्यात याचा विचार करा.” मामू हळूच म्हणाले, “भाईसाब, साहेबांचंही बरोबर आहे.” आणि बरोबर होतंच. मी आज कागद सांभाळायचं काम करते. ते किती बरोबर होतं हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तरी मी मधे बोलले. मोठ्यांच्या मधे, आयुष्यात पहिल्यांदा. “साहेब, तुम्ही त्याच्या कागदावर काय लिहाल? कुठून मिळालं?”

“लातूर भागातून. पूर्वीचा मालक अज्ञात.”

“अज्ञात नाहीत. समोर बसल्यात.”

शेवंताबाईंना आमचं बोलणं किती कळलं कुणास ठाऊक. त्या अब्बांना म्हणाल्या, “भाई, काच जरा जाड टाका. पत्रा तापतो.” अब्बा आधीच उठले होते. किर्र, आणि टक्. स्वच्छ. त्यांनी काचेच्या आणि कागदाच्या मधे पट्टीची बारीक फट ठेवली, म्हणजे दमट हवेत कागद काचेला चिकटू नये. मग नवा पुठ्ठा माझ्यापुढे सरकवला, कानामागची पेन्सिल काढून दिली. मी लिहिलं: शेवंताबाई, त्यांच्या सासूबाईंचं नाव, गाव. जुन्याच गावाचं नाव त्यांनी सांगितलं, तेच लिहिलं. प्राध्यापकांनी कातडी बॅगेतून वही काढली. शेवटी म्हणाले, “चुका ठोकायच्या आधी पाठीवरचा शिक्का उतरवून घेऊ का?” शेवंताबाई म्हणाल्या, “घ्या की.” त्यांनी गुडघ्यावर बसून तो शिक्का आणि तपकिरी ओळी उतरवून घेतल्या आणि मला शिकवलं, कागद उजेडासमोर कसा धरायचा ते. त्यांच्या पत्रांनीच मला पुढे या कामात आणलं.

सोमवारी मी शेवटच्या बाकावर बसले. पुढचे सगळे रविवार टेस्ट दिल्या, पण मधल्या दिवसांत दुकानात जायचं थांबवलं नाही, आणि मेडिकलला लागणारे गुण पडले नाहीत. नात्यातले अजून म्हणतात, भलत्या संतांच्या पायी पोरीची डॉक्टरकी गेली. गेली. मुमानीचे गुडघे दुसऱ्या डॉक्टरनं बघितले, ठीक आहेत. सिंहाचा म्हातारा त्याच पावसाळ्यात आपल्या घरी गेला. औशाच्या एका गवंड्याची म्हातारी आई आली, त्याला ती पीरबाबा म्हणत होती, आणि तिनं सिंहाच्या शेपटीवरचा मेणाच्या बोटाचा ठसा न पाहता सांगितला. नदीतला वसुदेव आता शेवंताबाईंच्या धाकट्याच्या पक्क्या घरात आहे. दोन वर्षांपूर्वी मी काच बदलून दिली. नातवंडं झाली तेव्हाचं कुंकू काचेवर होतं. काच मी टाकली नाही, त्यांच्याच माळ्यावर कागदात गुंडाळून ठेवली.

प्राध्यापकांच्या आणि माझ्या अकरा वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर त्या गोल शिक्क्याचा पत्ता लागला. जर्मनीतल्या एका बंद पडलेल्या मठाच्या ग्रंथालयाचा. तिथून एक पाद्री, त्याच्या पश्चात हैदराबादचा पुस्तकवाला, तिथून औशाचा बाजार. चारशे वर्षांतले मालक मी ओळीनं सांगू शकते. बार्बराच्या यादीत औशाच्या बाजारानंतर एक जागा कोरी आहे. ते नाव अब्बांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं आणि ते मी जाळलं.

अब्बा गेले तेव्हा नांदेडचं दुकान माझ्याकडे आलं. भिंत रिकामी ठेवायची त्यांची रीत मी एका ठिकाणी मोडली आहे. बुरुजाची बाई तिथं आहे, पण पाठ बाहेर करून. येणाऱ्याला नुसता पुठ्ठा दिसतो, त्यावर माझ्या अक्षरात ‘मालक’ आणि पुढे रिकामी ओळ, शेजारी दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. संग्रहालयांनी मागितली, परदेशातून मागणी आली, ओळखीच्यांनी समजावलं की त्या गावात आता विचारायला कुणी उरलं नसेल. मला नको आहे त्यांचा हिशेब. आजवर नऊ जण येऊन म्हणाले की ती आमची. नवांनाही खूण सांगता आली नाही, मी नवांनाही परत पाठवलं. ती खूण मी इथंही लिहीत नाही. हे पुस्तक औशाकडच्या कुणाच्या घरात जाईल, आणि कुणीतरी वाचता वाचता म्हणेल की अगं, आपल्या आजीच्या खोलीत होती की ती, तिच्या अमुक ठिकाणी तमुक होतं. त्यांनी दुकानात यावं. पेन्सिलीला टोक मी दर सोमवारी करते.